सात कागद, चार नावं: सीमाभागातल्या नर्सला परदेशी परवाना कसा मिळतो

मे महिन्यातली दुपार होती. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका घराच्या सोप्यात आम्ही तिघी चटईवर बसलो होतो. अंगणात नुकतेच उतरवलेले फणस पडले होते. बीएस्सी नर्सिंग होऊन बेळगावात तीन वर्षं वॉर्डात काम केलेली ती मुलगी प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून माझ्यासमोर मांडत होती, आणि तिची आई पदराला हात पुसत शेजारी बसली होती. "बाई, एवढं बघून सांगा. पोरगी यूकेला जायचं म्हणतीया. कुठली परीक्षा द्यायची?"

मी परीक्षेचं काहीच बोलले नाही. कागद वाचत राहिले. मुलीचं खरं नाव इथं देत नाही, आपण तिला सुजाता म्हणू. दहावीच्या मार्क्स कार्डावर होतं सुजाता एम. पाटील. बारावी तिनं मावशीकडे राहून गडहिंग्लजला केली, त्या मार्कशीटवर पाटील सुजाता मारुती. पदवीवर आणि नर्सिंग कौन्सिलच्या दाखल्यावर पुन्हा सुजाता एम. पाटील. पासपोर्टवर सुजाता मारुती पाटील. आधार कार्डावर कन्नड पद्धतीचं स्पेलिंग, 'टी'च्या मागून 'एच', म्हणजे वाचायला सुजाथा. दवाखान्यानं दिलेल्या अनुभवाच्या पत्रावरही तेच. कागद सात, नावं चार. आपल्याकडे ह्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण गावात सगळ्यांना ठाऊक असतं की ही मारुती पाटलांची पोरगी. लंडनमध्ये किंवा रियाधमध्ये बसून फाइल उघडणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसतं.

म्हणून आधी परवाना म्हणजे काय, ते सांगते. आपल्या देशात पदवी मिळाली म्हणून कुणी नर्स होत नाही. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत, म्हणजे रजिस्टरवर, नाव चढलं की नर्स होते. आपल्याकडे हे काम बंगळूरची कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिल करते, १९६१च्या कायद्यानुसार. महाराष्ट्रात शिकलेल्यांसाठी मुंबईची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. परदेशातही असंच असतं. ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिल आहे, तिला सगळे एनएमसी म्हणतात. आयर्लंडमध्ये एनएमबीआय, सौदीत सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशॅलिटीज, दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटी. त्या यादीत नाव चढणं म्हणजेच परवाना. नोकरी देणारं रुग्णालय निराळं, व्हिसा देणारं सरकार निराळं, आणि परवाना देणारी कौन्सिल निराळी. ह्या तिघांची सरमिसळ झाली की एजंटचं फावतं. "लायसन्स आम्ही काढून देतो" असं तो म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तो फक्त तुमचा फॉर्म भरणार असतो. परवाना तुमच्या कागदांवर आणि तुमच्या परीक्षेवर मिळतो.

प्रत्येक कौन्सिल, देश कुठलाही असो, चारच गोष्टी विचारते. तू जी म्हणतेस ती तूच का? तू जे शिकलीस म्हणतेस ते खरंच शिकलीस का, आणि ते आमच्याइतकं आहे का? आमच्या रुग्णाशी तू त्याच्या भाषेत बोलू शकशील का? आणि तुझा हात सुरक्षित आहे का? परीक्षा येतात त्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला. आपल्या मुली अडतात त्या पहिल्या दोन प्रश्नांवर, आणि तिथंच कुणी त्यांना काही शिकवत नाही. म्हणून मी तिथंच जास्त थांबणार आहे.

नावापासून सुरू करू. मराठी रीत म्हणजे आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. कर्नाटकातल्या शाळांची रीत म्हणजे नाव आणि मध्ये किंवा शेवटी एक अक्षर. पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोन वेगळे रकाने. आपण सीमेवरची माणसं ह्या तिन्ही रीतींमधून जातो, आणि लग्न झालं की चौथी येते. शेवटी विमानतळ, व्हिसा आणि कौन्सिल पासपोर्टवरचंच नाव बघतात. म्हणून पासपोर्ट पाया धरायचा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे. जिथं फक्त एम. आणि मारुती एवढाच फरक आहे तिथं प्रतिज्ञापत्र पुरतं: ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं नोटरीपुढं लिहून घ्यायचं, आणि त्यात प्रत्येक कागदाचा क्रमांक आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं उतरवायचं. "माझी सर्व कागदपत्रे" असं मोघम लिहिलेलं प्रतिज्ञापत्र परत येतं, मी पाहिलंय. आधारचं स्पेलिंग तर सेवा केंद्रावर जाऊन दुरुस्तच करून घ्यावं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करत बसू नये. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हवा. लग्नपत्रिका आणि फोटो उपयोगाचे नाहीत. आणि पासपोर्टवर नवं आडनाव घेतलं असेल तर नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरवरही ते बदलून घ्यायचं, नाहीतर परदेशातली कौन्सिल बंगळूरला विचारते एका नावानं आणि उत्तर येतं दुसऱ्या नावाचं.

जन्मगावाचा प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी कागदोपत्री बेळगामचं बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या दाखल्यावर एक आणि नव्यावर दुसरं. त्यावरून कुणाचा परवाना अडलेला मी तरी पाहिला नाही. त्याची काळजी सोडा. जन्मदाखला किंवा दुसरा कुठलाही कागद नुसता कन्नडमध्ये असेल तर मात्र त्याचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून, त्याच्या सहीशिक्क्यानिशी करून घ्यावं लागतं.

आता दोन राज्यांची गोष्ट. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी भागातल्या कितीतरी मुली नर्सिंगला कोल्हापूर, सांगली, मिरजेला जातात. मिरजेच्या मिशन दवाखान्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि आपल्या भागातल्या आज्या-मावश्या तिथं शिकून आल्या आहेत. ह्या मुलींची पहिली नोंदणी मुंबईला होते. मग त्या बेळगावात नोकरीला लागतात आणि इथल्या दवाखान्यासाठी बंगळूरलाही नोंदणी करतात. इथं लक्षात ठेवायचं ते हे: बऱ्याच परदेशी कौन्सिली तुम्ही जिथं जिथं नोंदणी केली त्या प्रत्येक कौन्सिलचा 'गुड स्टँडिंग'चा दाखला मागतात. तो दाखला म्हणजे ही नर्स आमच्या यादीत आहे, तिची नोंदणी चालू आहे आणि तिच्यावर कारवाई नाही, असं कौन्सिलनं दिलेलं लेखी उत्तर. नोंदण्या दोन असतील तर दाखलेही दोन. एक लपवून दुसरीच दाखवली तर पुढं ते उघड होतं आणि प्रामाणिकपणावरच प्रश्न येतो. मुंबईची नोंदणी नूतनीकरण न करता पडून राहिली असेल तर आधी ती चालू करून घ्या.

हा दाखला बहुतेक वेळा तुमच्या हातात मिळतच नाही. कौन्सिल तो थेट परदेशी कौन्सिलकडे पाठवते. आई-वडिलांना हे पटवणं अवघड जातं. पैसे भरले आणि हातात काहीच नाही, असं त्यांना वाटतं. पण ह्या सगळ्या व्यवस्थेचा कणाच तो आहे: उमेदवाराच्या हातातून गेलेला कागद ग्राह्य नाही, ज्यानं दिला त्याच्याकडूनच सरळ आला पाहिजे. आपल्याकडून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी बंगळुरात उतरायचं, दिवसभर काउंटरवर थांबायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं, हे कितीतरी जणींनी केलंय. आता पुष्कळ अर्ज ऑनलाइन होतात. तरी अर्जाचा क्रमांक, पैसे भरल्याची पावती आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. चौकशीला फोन केला की पहिल्यांदा तेच विचारतात.

दुसरा कागद ट्रान्सक्रिप्ट. मुली मार्क्स कार्डांच्या झेरॉक्स घेऊन येतात आणि म्हणतात, हेच की. नाही. ट्रान्सक्रिप्टमध्ये विषयवार किती तास थिअरी आणि किती तास प्रत्यक्ष वॉर्डातलं काम, हे लिहिलेलं असतं: मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, कम्युनिटी. आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी हे तास स्वतःच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. हा कागद तुमचं कॉलेज तयार करतं आणि विद्यापीठ किंवा जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं, परीक्षा मंडळ त्यावर शिक्कामोर्तब करतं. म्हणून कॉलेज सोडताना, ऑफिसातले लोक ओळखीचे असतानाच, दोन-तीन सीलबंद प्रती काढून ठेवाव्यात. पाच वर्षांनी गेलात तर क्लार्क बदललेला असतो, आणि काही छोटी कॉलेजं बंदही पडलेली असतात. प्रॅक्टिकलच्या लॉगबुक रद्दीत घालू नका. तास सिद्ध करायला कधी कधी तेवढंच उरतं.

तिसरा कागद अनुभवाचा. ह्यावर मी जरा मनापासून बोलते, कारण ह्यात मी स्वतः पोळले आहे. शिकून बाहेर पडल्यावर मी एका छोट्या नर्सिंग होममध्ये दोन वर्षं काम केलं. नेमणुकीचं पत्र नाही, पगार पाकिटात, सही एका डायरीत. रात्रपाळ्या केल्या, बाळंतपणं केली, डॉक्टर येईपर्यंत रुग्ण सांभाळले. पुढं सौदीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा अनुभवाचं पत्र मागायला गेले, तर "तुझं नाव आमच्या रेकॉर्डला नाही" असं उत्तर मिळालं. दोन वर्षांची माझी नोकरी कागदावर झालीच नव्हती. आजही आपल्या भागात नव्या नर्सेसना असंच ठेवतात. म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते: पहिल्या दिवशीच नेमणुकीचं पत्र मागा, पगार बँकेत घ्या, मग पाचशे रुपये कमी मिळाले तरी चालतील.

आखाती देशांत ह्या कागदाची कशी तपासणी होते ते बघा. त्यांच्यासाठी डेटाफ्लो नावाची कंपनी पडताळणी करते. तुमची पदवी ती विद्यापीठाकडून तपासते, नोंदणी कौन्सिलकडून, आणि अनुभव थेट त्या दवाखान्याकडून. पत्रावर जो ई-मेल आणि फोन असेल तिथं विचारणा जाते. दवाखान्यानं उत्तरच दिलं नाही तर पडताळणी होऊ शकली नाही असा अहवाल येतो. उत्तर आलं की ही व्यक्ती आमच्याकडे नव्हती, तर अहवाल विरुद्ध जातो, आणि त्याचा डाग पुढच्या अर्जांवरही राहतो. म्हणून पाच-दहा हजारांत मिळणारं खोटं अनुभवपत्र घेणं म्हणजे आपल्याच हातानं दार लावून घेणं. खरं पत्र घेताना त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग, दवाखान्यातल्या खाटांची संख्या, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि चालू असलेला फोन व ई-मेल एवढं हवं. आणि ऑफिसात जाऊन सांगून ठेवा: अमुक नावाच्या कंपनीचा मेल येईल, त्याला उत्तर द्या. एवढ्या एका वाक्यानं महिन्यांची वाट वाचते.

कागद जुळले की मग परीक्षा. यूकेचं उदाहरण घेते, कारण सध्या सगळ्यांच्या तोंडी तेच असतं.

पहिली पायरी इंग्रजीची. एनएमसी दोन परीक्षा मानते. आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना मी बिनदिक्कत ओईटी सुचवते. आयईएलटीएसच्या निबंधात जागतिकीकरण, पर्यटन असं काहीही येतं, आणि आपल्या मुलीला मुद्दाच सुचत नाही. ओईटी फक्त आरोग्य क्षेत्रासाठी आहे. लेखनात एका रुग्णाच्या नोंदी देतात आणि त्यावरून पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला पत्र लिहायचं असतं, साधारण १८० ते २०० शब्दांचं. आधी ५ मिनिटं नुसतं वाचायला, मग ४० मिनिटं लिहायला. सुजाता पहिल्यांदा लिहायला बसली तेव्हा तिनं नोंदीतली प्रत्येक ओळ पत्रात उतरवली, रुग्णाचं लहानपणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशनसुद्धा. मी विचारलं, "ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला हे सांगशील का?" ती म्हणाली, "नाही मॅडम. जखमेचं, शुगरचं आणि पुढच्या ड्रेसिंगचं सांगेन." तेच पत्रात लिहायचं. परीक्षेत इंग्रजीइतकीच ही निवड बघतात, आणि निवड करणं आपल्या नर्सेसना पाळी बदलताना रोजचंच आहे.

दुसरी पायरी सीबीटी, संगणकावरची परीक्षा. तिचे दोन भाग असतात: गणिताचे १५ प्रश्न आणि नर्सिंगचे १००. भारतातच देता येते, फी ८३ पौंड. गणित म्हणजे आपलं वॉर्डातलंच गणित. १००० मिलीलिटर सलाईन ८ तासांत संपवायचं आहे, सेटमधून एका मिलीलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? १००० गुणिले २० म्हणजे २०,००० थेंब, भागिले ४८० मिनिटं, उत्तर ४१.६७, म्हणजे ४२. किंवा ७५ मिलिग्रॅम द्यायचं आहे आणि बाटलीत २ मिलीलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आहे, तर ३ मिलीलिटर काढायचं. हे आपण सवयीनं अंदाजानं करतो, घड्याळ बघून थेंब मोजतो. तिथं अंदाज चालत नाही, आकडा अचूक लागतो. रोज दहा गणितं सोडवली तर महिन्याभरात हात बसतो.

तिसरी पायरी ओएससीई, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा. ती ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते, तिथल्या मोजक्या केंद्रांवर. फी ७९४ पौंड, पण बहुतेक रुग्णालयं ती स्वतः भरतात. व्हिसाच्या नियमाप्रमाणे नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिला प्रयत्न करायचा आणि आठ महिन्यांत पास व्हायचं. एकूण दहा स्टेशनं, म्हणजे टप्पे, असतात. चारांमध्ये एकाच रुग्णाची तपासणी, काळजीचा आराखडा, औषधं देणं आणि हँडओव्हर. चारांमध्ये हातानं करायची कौशल्यं. उरलेली दोन लेखी.

इथं आपल्या नर्सेस कौशल्यात कमी पडत नाहीत. पडतात त्या एका सवयीत. आपल्याकडे वॉर्डात शिरलं की आपण म्हणतो, "काय आजी, झोप लागली काय?" आणि बोलता बोलता सुई टोचून मोकळ्या होतो. आजींना आपण आठ दिवस ओळखतो. ओएससीईत ह्याच कामाला नापास करतात. तिथं हात धुवायचे, स्वतःचं नाव आणि आपण कोण ते सांगायचं, रुग्णाला पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून विचारायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडायची, कशाची ॲलर्जी आहे का ते विचारायचं, मी काय करणार आहे ते सांगून होकार घ्यायचा आणि मगच हात लावायचा. दरवेळी, दर रुग्णाला. आणि जे बघताय ते मोठ्यानं बोलायचं, कारण परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही. मी माझ्या मुलींना सांगते की हे परीक्षेसाठी शिकू नका, उद्यापासून आपल्याच वॉर्डात करा. सुरुवातीला आजी हसतील, म्हणतील, "नाव काय विचारतीस ग, विसरलीस?" विचारा तरी. चुकीच्या रुग्णाला चुकीचं औषध जाणं ह्याच प्रश्नानं थांबतं, बेळगावातही आणि लीड्समध्येही.

सगळं झालं की एनएमसी नोंदणीची फी आणि पोलिसांचा दाखला घेऊन पिन, म्हणजे नोंदणीचा क्रमांक, देते. तोपर्यंत तुम्ही तिथं रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करू शकत नाही. पगारही खालच्या पायरीचा असतो, पिन मिळाल्यावर बँड पाचचा, म्हणजे नर्सच्या पायरीचा, सुरू होतो.

आखाती देशांचा मार्ग छोटा आहे. डेटाफ्लोची पडताळणी, मग प्रोमेट्रिक केंद्रावरची संगणक परीक्षा, मग नोकरी आणि परवाना. बहुतेक जागांना दोन वर्षांचा अनुभव मागतात. पण इथं आपल्याच सरकारचा एक नियम आहे आणि तो खेड्यात कुणी सांगत नाही. २०१५ पासून सौदी, कुवेत, अमिरात, कतार, ओमान धरून १८ देशांत नर्स म्हणून जायचं तर पासपोर्ट कुठल्याही प्रकारचा असला तरी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जायचा परवाना, घ्यावाच लागतो. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलू" असं कुणी म्हणालं तर तो ह्याच नियमाला बगल देत असतो. त्या मार्गानं गेलेल्या मुलीच्या मागं उद्या काही झालं तर कुठलाही करार नसतो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचं १० लाखांचं विमा संरक्षणही नसतं. ह्या विम्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आहे. कागदांचं म्हणाल तर सौदी, ओमान आणि बहारीनला परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, चालतं, पण अमिरात, कतार आणि कुवेतसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो.

जर्मनीचं आकर्षण वाढतंय. तिथं आधी भाषा. नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी२ पातळीची, म्हणजे कामात अडखळायला होणार नाही इतपत, जर्मन लागते, आणि शून्यातून सुरुवात करून ती यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तिथलं राज्य सरकारी कार्यालय तुमच्या अभ्यासक्रमातले कमी पडलेले भाग पत्रानं कळवतं, मग एक तर तिथं पूरक प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. कन्नड आणि मराठी दोन्ही लहानपणापासून बोलणाऱ्या आपल्या मुलींना नवी भाषा उचलणं जड जात नाही, हा माझा अनुभव आहे.

अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा आपल्या देशात, बंगळूरला किंवा मुंबईला देता येते. प्रश्न ८५ ते १५०, वेळ पाच तास, आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न अवघड किंवा सोपा होत जातो. परीक्षा पास होऊनही भारतीयांना व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे आधी समजून घ्या. ऑस्ट्रेलियाही हीच एनक्लेक्स मानतो आणि वर स्वतःची ओएससीई घेतो. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये नोंदणी होऊन १८०० तास काम झालेल्यांना मात्र एप्रिल २०२५ पासून तिथं सोपा मार्ग आहे, त्यामुळं पुष्कळ जणी आधी यूके आणि मग ऑस्ट्रेलिया असं ठरवतात.

पैशांचं बोलते. परवानाधारक भरती एजंटला भारतात जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. त्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर कुणालाही तपासता येतो, पाच मिनिटांचं काम. यूकेच्या नोकरीसाठी तर तिथल्या आचारसंहितेप्रमाणे उमेदवाराकडून एक पैसाही घ्यायचा नसतो. तरी आपल्या भागात तीन लाख, पाच लाख मोजलेली घरं आहेत. ऊस गेल्यावर आलेली रक्कम, नाहीतर सोसायटीचं कर्ज, नाहीतर आईच्या पाटल्या. एका घरी मुलगी नर्स म्हणून जाणार असं सगळ्यांना वाटत होतं. जायच्या आधी पत्र वाचलं तर पद होतं केअर असिस्टंट. म्हाताऱ्या माणसांची सेवा करणं हे मानाचं काम आहे, पण ते नर्सचं पद नाही आणि त्याला परवानाही लागत नाही. शिवाय २२ जुलै २०२५ पासून ब्रिटननं परदेशातून केअर वर्कर घेणं बंदच केलंय. म्हणून नेमणुकीच्या पत्रात पदाचं नाव काय आहे, ते इंग्रजी जाणणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. तो माणूस एजंटचा नसावा.

किती दिवस लागतात, हा आईचा शेवटचा प्रश्न होता. मी तिला एक ते दीड वर्ष सांगितलं. कागद आणि इंग्रजी बरोबरच सुरू करायचं, पण इंग्रजीची परीक्षा फार आधी देऊन टाकायची नाही, कारण निकाल दोनच वर्षं धरतात आणि कागदांतच वर्ष गेलं तर पुन्हा फी भरावी लागते.

सुजाताचं आधार दुरुस्त झालंय. प्रतिज्ञापत्र दोनदा करावं लागलं, पहिल्यात पदवीचा क्रमांक चुकला होता. दवाखान्यानं अनुभवाचं पत्र नव्यानं दिलं, ह्या वेळी नाव बरोबर आणि खाली चालू ई-मेल. ओईटी पुढच्या महिन्यात आहे. दर रविवारी ती सकाळच्या बसनं बेळगावला येते आणि आम्ही संभाषणाचा सराव करतो. मी मधुमेहाची पेशंट होते, पायाला जखम, इन्सुलिनला तयार नाही. तिनं पाच मिनिटांत मला समजवायचं. गेल्या रविवारी मी म्हटलं, मला सुईची भीती वाटते. ती थांबली, इंग्रजीत शब्द शोधले, आणि इन्सुलिनचं काही न सांगता आधी विचारलं की सुईची भीती कधीपासून वाटते. मी घड्याळ बंद केलं आणि तिला तेच पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं.